आर्डाच्या हातून पडलेलं मत

हार्मन गावात डेमोक्रॅट पक्षाची माणसं किती, असं कुणी विचारलं की लोक जनावरांच्या बाजाराकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "एक आहे. चिली फार छान करते."

ती आर्डा विक्सम. बाजाराच्या आवारातलं कॅफे ती चालवायची. दर बुधवारी गुरांचा लिलाव, आणि लिलावाच्या दिवशी राजम्याची झणझणीत चिली आणि सोबत बशीएवढा दालचिनीचा रोल. चिलीत रोल बुडवून खाणाऱ्या रांगड्या माणसांना तिची थट्टा केल्याशिवाय जेवण गोड लागत नसे.

"आर्डा, तुझ्या पक्षाची सभा कधी आहे गं?"

"चालूच आहे की. मी उभी आहे ना इथं."

"ठराव काय झाला मग?"

"तुझ्या बुटांचं शेण बाहेर पुसून ये, असा झाला. एकमताने."

तिचे वडील पोकाटेलोच्या रेल्वे यार्डात फिटर होते. संपात मार खाल्लेला माणूस. आर्डा अठरा वर्षांची झाली तेव्हा तिला हाताला धरून ते कोर्टाच्या इमारतीत घेऊन गेले आणि तिचं नाव त्यांनी स्वतःच्या पक्षात नोंदवलं. बाहेर आल्यावर तिला माल्टेड मिल्क पाजलं. त्यानंतर महिन्याभरात ते गेले. तेव्हापासून ते नाव जिथे होतं तिथेच राहिलं. आयडाहोच्या त्या भागात डेमोक्रॅट असणं म्हणजे कोरड्या कालव्यात होडी बांधून ठेवण्यासारखं, हे तिलाही कळत होतं. पण होडी बापाने बांधलेली होती.

नवरा डॉरेल मात्र रिपब्लिकन. तो लिलाव पुकारायचा. "हातोडा मारणाऱ्याला पक्ष नसतो," असं तो म्हणायचा, "पण इथं पक्ष नसलेला माणूससुद्धा रिपब्लिकनच धरतात, मग उगाच वेगळं कशाला?" डॉरेलचा आवाज म्हणजे उतारावरून सोडलेली दगडांची गाडी. "वीस वीस वीसला कोण, बावीस देता का बावीस, बोला बोला, मागच्या बाकावर झोपलात का, बावीस आले, पंचवीस होणार का, ही गाय आहे हो, तुमची सासू नव्हे, दूध देते, पंचवीस!" त्याला माणसांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. तो टोप्यांवरून माणसं ओळखायचा. "निळी टोपी तीस! फाटकी टोपी पस्तीस!" आणि शेवटी, "एक वार, दोन वार, तीन वार... फाटकी टोपी, विकलं!"

त्याचे नियम दोनच. दारातून आत आला तो बोली लावू शकतो. तो कुठला, कुणाचा, कुठल्या चर्चला जातो, हे विचारायचं नाही. आणि हातोडा पडला की पडला. मग राज्याचा गव्हर्नर आला तरी हातोडा परत उचलायचा नाही. एकदा चुकून स्वतःच्या मेव्हण्याची घोडी त्याने कवडीमोलात पुकारून टाकली. मेव्हणा दोन वर्षं बोलला नाही. डॉरेलने हातोडा उचलला नाही.

त्याच डॉरेलच्या डोक्यातून, सत्तरी ओलांडल्यावर, एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी किल्ल्या. मग रस्ते. मग आर्डाचं नाव. एके दिवशी तो भर थंडीत, अंगात फक्त लोकरीची आतली चड्डी-बंडी घालून, बाजाराच्या रिकाम्या रिंगणात उभा राहून नसलेल्या गाई विकताना सापडला. शेजारच्या थेन हॉलब्रुकने त्याला स्वतःच्या कोटात गुंडाळून घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी आर्डाला समोर बसवून तो घसा खाकरला. थेनला घसा खाकरल्याशिवाय वाक्य सुरू करता येत नसे.

"अंहं... तसं बघायला गेलं तर, आर्डा, होममध्ये एक खाट रिकामी झाली आहे."

होम म्हणजे काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, शुश्रूषागृह. गावाच्या टोकाला, कालव्याच्या काठी, बुटकी पिवळट इमारत. थेन काउंटीचा कारभार पाहणाऱ्या तीन कमिशनरांपैकी एक, वर्षानुवर्षं निवडून येणारा, आणि होमला काउंटीच्या तिजोरीतून पैसे मिळत होते ते त्याच्याच हट्टामुळे.

डॉरेल होममध्ये गेला आणि तिथल्या जेवणखोलीत पुन्हा लिलाव सुरू झाला. रोज दुपारी आर्डा यायची तेव्हा तो पुडिंगच्या वाट्या विकत असायचा. चाकांच्या खुर्च्यांतल्या म्हाताऱ्या हात वर करायच्या. "गुलाबी स्वेटर, चाळीस! बाई, तुमच्या तोंडात दात नाहीत, पण बोलीला धार आहे! एक वार, दोन वार..." नर्स हसून लोळायच्या. एका म्हातारीने वर्षभरात कुणाशी शब्द काढला नव्हता, तिने डॉरेलच्या लिलावात तोंड उघडलं ते एकदम "साठ!" म्हणून. आर्डा कोपऱ्यात बसून हसायची, आणि हसता हसता नाक पुसायची. नाव विसरलेला नवरा आवाज विसरला नव्हता, तिला तेवढं पुरे होतं. खिडकीजवळ त्याची एक खुर्ची होती, तपकिरी, मागे रेलणारी, हातांवर फाटलेली. लिलाव संपला की तो त्या खुर्चीत बसायचा आणि तिला म्हणायचा, "बाई, आज बाजार बरा झाला."

मग कर्बी स्टॅग उभा राहिला.

टायरच्या दुकानाचा मालक. वाईट माणूस नव्हे. बर्फात गाडी अडकली तर रविवारी चर्च सोडून येणारा. पण त्याला एक वाक्य सापडलं होतं आणि ते तो सोडत नव्हता. "सरकारने म्हातारी माणसं सांभाळायचा धंदा करावा का? हो की नाही? तुमच्या घामाचा पैसा, हो की नाही? होम विकून टाकू, कुणीतरी खासगी चांगला चालवेल, कर कमी होईल, हो की नाही?" एवढ्यांदा विचारल्यावर माणसाला उत्तरच सुचत नाही, मान हलते. त्याने थेनच्या विरुद्ध थेनच्याच रिपब्लिकन पक्षात अर्ज भरला.

त्या काउंटीत खरी लढत मे महिन्यातच. पक्षाच्या आतली ती निवड जिंकली की नोव्हेंबरात समोर कोणी नसतंच. नोव्हेंबर म्हणजे नुसता हारतुरे घालायचा समारंभ. आणि मे महिन्यात रिपब्लिकनांची मतपत्रिका मिळते फक्त रिपब्लिकनांना. ज्याचं नाव कुठल्याच पक्षात नाही त्याला त्या दिवशी टेबलाशी उभं राहूनसुद्धा पक्षात येता येतं. पण ज्याचं नाव दुसऱ्या पक्षात आहे, त्याच्यासाठी ते दार मार्चच्या मध्यावरच बंद होतं.

मार्चमध्ये थेनची बायको आर्डाकडे आली होती. "नाव बदल ना गं या वर्षापुरतं. कर्बी फार फिरतोय."

"थेन हरेल? अगं, थेन हरायचा म्हणजे कालव्याने चढावर वाहायचं. आणि बापाला काय सांगू वर गेल्यावर? टायरवाल्याच्या भीतीने नाव बदललं?"

सगळं गाव तसंच समजत होतं. थेन हरत नसतो. म्हणून निम्मे लोक मतदानाला जाणारच नव्हते. एप्रिलमध्ये कर्बीने होममध्ये येऊन डोनट वाटले आणि प्रत्येक म्हाताऱ्याच्या डोक्यावर आपल्या नावाची पिवळीधमक टोपी ठेवली, तेव्हा आर्डाला पहिल्यांदा वाटलं, थेन हरूही शकतो. पण दार बंद होऊन महिना झाला होता.

मे महिन्यात मतदान नेहमीप्रमाणे होमच्या जेवणखोलीतच होतं. पुडिंगच्या टेबलांवर आडोसे उभे केले होते. टेबलाशी मेल्बा जेपसन. मेल्बाची कुजबुज कालव्यापलीकडे ऐकू जायची.

"प्रचाराचं काही आत चालत नाही," असं कुजबुजत तिने सकाळीच सगळ्या म्हाताऱ्यांच्या पिवळ्या टोप्या काढून एका खोक्यात भरल्या होत्या आणि खोकं टेबलाखाली सरकवलं होतं.

"आर्डा, ही घे तुझी पत्रिका."

"किती हलकी आहे गं, मेल्बा."

"तुमच्याकडे उभं कोण राहतंय! कमिशनरच्या जागेवर तर नावच नाही."

म्हणजे ज्या छपराखाली तिचा नवरा झोपत होता, त्या छपराचा निकाल त्याच छपराखाली लागत होता, आणि तिच्या हातात होती नाव नसलेली जागा. तिने ती तशीच कोरी सोडली.

मग डॉरेलची पाळी. डॉरेल रिपब्लिकन, त्याचा हक्क शाबूत होता. नर्सने त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून ढकलत आणलं.

"नाव सांगा," मेल्बाने नियम म्हणून विचारलं, जरी तिच्या लग्नाच्या खर्चासाठी काढलेली गाय त्यानेच विकली होती.

"आधी लॉट नंबर सांग," डॉरेल म्हणाला.

"डॉरेल विक्सम," आर्डा म्हणाली. "मी मदत करते त्याला. त्याला वाचता येत नाही आता."

मेल्बाने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा कालव्यापलीकडे जाईल अशा आवाजात कुजबुजली, "तो सांगेल तेच हं. तू सुचवायचं नाहीस. डोळ्यांनीसुद्धा नाही."

आडोशाआड ती दोघंच. आर्डाने पेन उघडलं. तिच्या मनात असंच होतं की आता सगळं सोपं आहे. डॉरेलला थेनचा कोट आठवेल. डॉरेलला थेन आठवेलच.

"डॉरेल, कमिशनरची जागा आहे. दोघं आहेत. थेन हॉलब्रुक. आणि कर्बी स्टॅग. कोण हवाय?"

डॉरेलने खोलीभर नजर फिरवली, रिंगणात फिरवायचा तशी. आडोशाच्या फटीतून टेबलाखालचं खोकं दिसत होतं. त्याचे डोळे चमकले.

"पिवळी टोपी."

"टोपी नको, राजा. नाव सांग. थेन हॉलब्रुक? की कर्बी स्टॅग?"

"स्टॅग," डॉरेल म्हणाला. स्पष्ट. कित्येक महिन्यांत कुणाचं नाव त्याने इतकं स्पष्ट उच्चारलं नव्हतं. "रॉय स्टॅगचा पोरगा. बोली त्याच्याकडे आहे."

"डॉरेल, नीट ऐक. तो हे घर..." आणि आर्डा थांबली. सुचवायचं नाही. डोळ्यांनीसुद्धा नाही.

"एक वार, दोन वार," डॉरेल म्हणाला, आणि त्याने हाताचा तळवा टेबलावर आपटला. "पिवळी टोपी, विकलं!"

बाहेर म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पेनचं टोक थेनच्या नावापाशी होतं. आडोशाआड बघणारं कुणी नव्हतं. डॉरेलला दुपारपर्यंत काही आठवणार नव्हतं. एक छोटं वर्तुळ काळं करायचं होतं, एवढंच; आणि खरं तर ते त्याच्याच भल्याचं होतं. तिच्या स्वतःच्या पत्रिकेवर नसलेलं ते नाव आता तिच्या हाताखाली होतं. ती इतका वेळ वाकून राहिली की मेल्बाने विचारलं, "शाई संपली का गं?"

"नाही," आर्डा म्हणाली.

तिने कर्बी स्टॅगच्या नावापुढचं वर्तुळ काळं केलं. रेघेबाहेर जाऊ न देता, नीट. हातोडा पडला होता.

थेन हरला. फार नाही, चर्चच्या एका बाकावर मावतील एवढ्या माणसांनी हरला. एकट्या डॉरेलच्या मताने काही फिरलं नसतं, हे आर्डाने मनाशी शंभर वेळा मांडून पाहिलं. ते बरोबरही होतं. पण त्या बाकावर एक जागा आपली आहे, हे काही तिच्या मनातून जाईना.

जानेवारीत कर्बी खुर्चीवर बसला. पुढल्या उन्हाळ्यात होमला कुलूप लागलं. "कुणालाही रस्त्यावर टाकणार नाही, हो की नाही?" असं तो म्हणाला होता आणि त्याने टाकलंही नाही, प्रत्येकाची कुठेतरी सोय लावली. डॉरेलची लागली बॉइझीला, साडेतीन तासांवर. जागा चकाचक. फरशीत तोंड दिसावं अशी. पण तिथल्या जेवणखोलीत शांतता पाळायची असते. पहिल्याच दिवशी डॉरेलने सूप विकायला काढलं तर शेजारची बाई घाबरून रडली. मग त्याला शांत राहायची गोळी सुरू झाली.

आर्डा आठवड्यातून दोनदा जायची. जुनी गाडी, पहाटेची निघालेली. ती त्याच्यापुढे चमचा धरायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "वीस, वीसला कोण? डॉरेल, वीस आले बघ." तो तिच्या तोंडाकडे बघायचा, सभ्यपणे, जसं एखाद्या परक्या भाषेतल्या बाईकडे बघावं. एकदा तिने सगळा पुकारा त्याच्याच आवाजात करून दाखवला, सासू-गाईसकट. पलीकडच्या टेबलावरचा एक पोरगेला परिचारक पोट धरून हसला. डॉरेल हसला नाही. त्याने नॅपकिनची घडी घातली.

पहिला बर्फ पडायच्या आत तो गेला. आवाज त्याच्या आधी गेला होता.

त्या हिवाळ्यात राज्यभर सह्या गोळा करणारे फिरायला लागले. मे महिन्याची निवड सगळ्यांना खुली करा, असं त्यांचं म्हणणं. एकच पत्रिका, सगळे उमेदवार तिच्यावर, कुठल्याही पक्षाचा माणूस कुणालाही मत देऊ शकेल; पहिले चार नोव्हेंबरात जातील; आणि तिथे लोक चौघांना पसंतीचे क्रमांक लावतील. बॉइझीहून आलेली सडपातळ मुलगी हे समजावत होती तेव्हा आर्डाने तिच्या हातातली सह्यांचे कागद लावलेली फळी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

बुधवारी बाजाराच्या दाराशी ती फळी घेऊन उभी राहू लागली.

"चार नंबर कशाला लावायचे?" फाटकी टोपी म्हणाली. "मला एकच माणूस पटत नाही, चार कुठले पटायला?"

"काउंटीच्या जत्रेत जॅमला नाही का लावत? पहिलं, दुसरं, तिसरं. तेव्हा तर बरण्या चाटून चाटून लावतोस."

"जॅम कर वाढवत नाही, आर्डा."

"तुझ्या पोटाचा घेर वाढवतो. सही कर."

काही जण करायचे. तिच्यासाठी, तिच्या रोलसाठी, डॉरेलसाठी. गंमत म्हणजे तिच्या स्वतःच्या पक्षाच्या लोकांनाच ते पटलं नव्हतं. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत सगळ्या काउंटीतून पाच माणसं आणि एक थर्मास जमायचा. तिथे एक निवृत्त मास्तर सुस्काऱ्यांतून बोलत म्हणाले, "आर्डाबाई, आज निदान नोव्हेंबरात राज्याच्या जागांवर आपलं एक नाव तरी छापतात हो. हे आलं तर चारही जागा त्यांच्याच. आपल्याच अंत्यविधीच्या सह्या गोळा करताय तुम्ही."

"मास्तर, आपलं ते नाव वाचायला तरी कोण येतं?"

"मी येतो," मास्तर म्हणाले. तिने त्यांच्या कपात थर्मासमधली उरलेली कॉफी ओतली.

थेनकडे ती सगळ्यात शेवटी गेली. तिला वाटलं होतं, ती सही तर खिशातच आहे. उलट थेनची सही पाहून आणखी पन्नास जण करतील. तो तिच्याच स्वयंपाकघरात कॉफी प्यायला आला होता, डॉरेल गेल्यापासून रोज यायचा तसा. तिने फळी पुढे केली.

थेनने घसा खाकरला. फळीला हात लावला नाही.

"तसं बघायला गेलं तर, आर्डा, मी विरोधात बोलणार आहे. ग्रेंज हॉलमध्ये, शेतकऱ्यांच्या सभेत. शुक्रवारी."

"तू?"

"मी."

"अरे, हे असतं तर तू हरला नसतास! होम राहिलं असतं. थेन, डॉरेल..."

"म्हणूनच बोललं पाहिजे. मी हरलो म्हणून नियम वाईट, असं म्हणणारा माणूस मला व्हायचं नाही. आमच्या पक्षाचं नाव कुणी लावायचं ते आमच्या पक्षाने ठरवावं. तुझ्या कॅफेत चिलीत काय घालायचं हे समोरच्या दुकानदाराने ठरवलं तर चालेल तुला?"

"चिली मी माझ्या पैशाने करते. ही मे महिन्याची निवडणूक माझ्या करातून होते. आणि दाराशी मला सांगतात, बाई, तुम्ही बाहेर."

"बाहेर कुणी ठेवलं? मार्चमध्ये दार उघडं होतं."

ते लागलं. ते बरोबर होतं म्हणून जास्त लागलं.

"डॉरेल काय म्हणायचा?" ती म्हणाली. "दारातून आला तो बोली लावणार. कुणाचा कोण, विचारायचं नाही."

"आणि गाय घरी न्यायची नाही, नुसती बोली चढवून मजा बघायची, असा माणूस रिंगणात शिरला तर डॉरेल काय करायचा?" थेनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मानगूट धरून बाहेर काढायचा. मी पाहिलंय. उद्या खुलं केलं तर दुसऱ्या पक्षाचे लोक येऊन आमच्यातला सगळ्यात भुक्कड माणूस पुढे ढकलतील, नोव्हेंबरात पाडायला. तेही होतं, आर्डा."

"मला गाय घरी न्यायची होती, थेन," आर्डा म्हणाली. "माझी गाय त्या घरात होती."

तिने फळी टेबलावर पालथी ठेवली. मग तिने सांगितलं. वर्षं झाली, तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, मेल्बालाही नाही. आडोसा, खोकं, पिवळी टोपी, टेबलावर पडलेला हात.

"तो खरंच कर्बी म्हणाला?"

"दोनदा. बापाच्या नावासकट."

"आणि तू तसंच केलंस?"

"तसंच केलं."

आर्डाला वाटलं तो ओरडेल. तिला तेच हवं होतं. त्याने कप उचलून फेकला असता तर तिने तुकडे गोळा केले असते आणि तिला बरं वाटलं असतं. थेन उठला. मोरीशी जाऊन त्याने स्वतःचा कप विसळला. इतक्या वर्षांत त्याने कधी तो विसळला नव्हता. मग टोपी घातली.

"बरोबर केलंस," तो म्हणाला. दाराशी पोचल्यावर त्याने घसा खाकरला नाही. "पण मला सांगायला नको होतंस."

त्यानंतर तो कॉफीला आला नाही. शुक्रवारी ग्रेंज हॉलमध्ये तो बोलला आणि चांगलं बोलला, असं तिने ऐकलं. नाव घेऊन कुणाला दुखावलं नाही. चिलीचं उदाहरण दिलं नाही.

सह्या पुरल्या आणि ते म्हणणं नोव्हेंबरात मतदानाला आलं. मतदान शाळेच्या व्यायामशाळेत होतं, कारण होमला कुलूप होतं. बास्केटबॉलच्या जाळीखाली आडोसे मांडले होते. आर्डाने 'हो' समोरचं वर्तुळ काळं केलं, नीट, रेघेबाहेर जाऊ न देता. बाहेर पार्किंगमध्ये थेन त्याच्या पिकअपला टेकून उभा होता. दोघांनी एकमेकांना बघून मान हलवली. रात्री रेडिओने सांगितलं की ते पडलं. काठावर नव्हे, सपाटून पडलं. त्यांच्या सेजवॉटर काउंटीत तर 'हो' म्हणणारे जत्रेच्या एका तंबूत मावले असते.

महिनाभराने काउंटीने होममधलं सामान विकायला काढलं. इमारत घ्यायला कुणी खासगी आला नव्हता. खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. निदान खाटा आणि टेबलं तरी जावीत. पुकारायला टक अमुंडसन होता. डॉरेलच्या हाताखाली शिकलेला, डॉरेलसारखा डावा हात कमरेवर ठेवणारा.

आर्डा एकाच गोष्टीसाठी गेली होती. तपकिरी खुर्ची. ती कुणाला नको असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

"लॉट पुढचा," टक म्हणाला, आणि खुर्ची बघून त्याने कमरेवरचा हात खाली घेतला. "रेलायची खुर्ची. हात फाटलेत, पण मन शाबूत आहे. पाचला कोण?"

आर्डाने हात वर केला.

"पाच आले. दहा?"

मागून हात वर झाला. पिवळी टोपी. कर्बीला दुकानात टायर बदलेपर्यंत गिऱ्हाइकाला बसायला खुर्च्या हव्या होत्या. तो सगळ्याच खुर्च्या उचलत होता. त्याने पुढे कोण आहे ते पाहिलंही नाही. आर्डा चढत गेली. तो सवयीने चढत गेला. तिच्या पर्समध्ये होतं तिथपर्यंत ती गेली आणि थांबली.

टकने तिच्याकडे बघितलं. शेवटची बोली त्याला ऐकू आलीच नव्हती असं म्हणायला तो तयार आहे, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. भिंतीशी थेन उभा होता. त्यालाही दिसत होतं. त्याचा हात कोटाच्या खिशात गेला, पाकीट अर्धं बाहेर आलं. आर्डाने त्याच्याकडे बघून मान हलवली. नको. मग टककडे बघूनही तशीच हलवली.

"मावशी," टक हळूच म्हणाला.

"पाड हातोडा, टक."

त्याने डोळे मिटले आणि पुकारलं. मुद्दाम की नकळत, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. पण आवाज निघाला तो डॉरेलचा. उतारावरून सुटलेली दगडांची गाडी. "एक वार, दोन वार, तीन वार... पिवळी टोपी, विकलं!"

त्या भिंतींनी तो आवाज कितीदा ऐकला होता. मेल्बाने तोंडावर हात ठेवला. कर्बीला आत्ता कुठे कळलं. त्याने टोपी काढून छातीशी धरली, आणि टोपीविना तो अगदी रॉय स्टॅगसारखा दिसायला लागला.

"मिसेस विक्सम, मला माहीत नव्हतं. तुम्ही घ्या ती. अशीच घ्या. घ्याल ना?"

या वेळी त्याने 'हो की नाही' म्हटलं नाही.

"नाही, कर्बी. तुझी झाली ती." आर्डाचा आवाज नीट होता. "फक्त ट्रेलर लागेपर्यंत बसू दे."

ती खुर्चीत बसली, मागे रेलली, फाटक्या हातांवर हात ठेवले. खिडकीला फळ्या होत्या, त्यामुळे कालवा काही दिसत नव्हता. टक हातोडा धरून तसाच उभा होता.

"आर्डामावशी," तो म्हणाला, "पुढचा लॉट लावू?"

"लाव की," ती म्हणाली. "तो कधी थांबायचा का?"